अर्धा आसाणा सरकारचा

मु. करवंदपाडा, पोशेऱ्याच्या अलीकडे,
पौष वद्य पंचमी, सन १९५४

चि. राजमान्य राजश्री पुंजा यास,

थोरला भाऊ बुधा याचे अनेक आशीर्वाद. (धाकटा म्हणून चिरंजीव आणि सरकारी नोकर म्हणून राजमान्य, अशी दोन्ही टोके मी सांभाळली आहेत. कचेरीत कोणी खांद्यावरून डोकावत असेल तर ‘चिरंजीव’वर अंगठा ठेवावा.) इकडे सर्व ठीक. तुझी आणि चि. सौ. रामीची खुशाली जरा सविस्तर कळवत जा. नुसते ‘आम्ही मजेत’ लिहून भागत नाही, कारण आई विचारते की मजेत म्हणजे काय खातात, आणि ते मला इकडे बसून रचावे लागते. मागच्या वेळी मी तुम्हा दोघांना रोज मासळी खाऊ घातली. त्यात काही फरक असेल तर कळव, म्हणजे पुढच्या वेळी तसे वाचीन.

आईचा गुडघा थंडीने कुरकुरतो, पण आई गुडघ्यापेक्षा जास्त कुरकुरते, म्हणजे तब्येत उत्तम. कपिली व्याली, कालवड झाली, कपाळावर पांढरा ठिपका आहे. भुऱ्या बैलाने अंग घासून नवशीआजीचा कूड पाडला, पण तो कूड तसाही पडायचाच होता असे सर्वांचे मत पडले (नवशीआजीचे सोडून). तुझी वहिनी कोंडी आहे तशीच आहे. तिच्याविषयी पुढे पुष्कळ येईल, कारण हल्ली मोखाडा पेट्यातल्या गावोगावी तिच्याविषयीच बोलणे चालते.

तुझे दिवाळीतले पत्र पोचले. आईने ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतले. त्यातले ‘यंदाही रजा मिळत नाही’ हे वाक्य आले की ती म्हणते नीट वाच, मग मी नीट वाचतो, आणि ते तसेच निघते. वाघबारशीला तुझ्या वाटचे तांदूळ तिने बाजूला काढून ठेवले होते, ते अजून मडक्यात आहेत. असो. रजा मिळत नाही याचेही आम्ही इकडे कौतुकच सांगतो, की बघा, आमच्या पुंजावाचून ठाण्याची कचेरी एक दिवस चालत नाही. लोक माना डोलावतात.

आता मुख्य बातमी. आपला पाडा पहिला आला. जुने संस्थान आणि मोखाडा पेटा मिळून जेवढे पाडे मोजले गेले, त्या सगळ्यांत पहिला. कशात, ते तू विचारशीलच म्हणून लिहितो: झाडपाल्यात. हसू नकोस. शाळेत तू पहिला आलास तेव्हा तुला पाटी मिळाली होती. मला मोखाड्याला भर बाजारात झेंडूचा हार मिळाला आणि कोंडीला नारळ. पण हे सगळे क्रमाने सांगितले पाहिजे, नाहीतर तुला वाटेल की दादा नेहमीसारखा वाढवून सांगतो आहे.

संस्थान विलीन झाल्यापासून इकडे साहेब येण्याला सुमार राहिलेला नाही. (विलीनीकरण म्हणजे काय हे आपल्या गुरांना आपल्या आधी कळले. पूर्वी ओढ्यापलीकडे गेलेले ढोर परराज्यात गेलेले असे आणि त्याला सोडवून आणायला कोणाकोणाच्या पाया पडावे लागे. आता ते नुसतेच ओढ्यापलीकडे जाते.) एक साहेब माणसे मोजून गेला, एक विहिरी मोजून गेला, त्याला फार वेळ लागला नाही. एकाने कोंबड्या मोजल्या आणि जाताना दोन कमी केल्या. त्यामुळे मार्गशीर्षात डोक्यावर टोपडे, गळ्यात फीत आणि मागे सामान घेतलेला तुका शिपाई असा आणखी एक साहेब चढ चढून धापा टाकत आला, तेव्हा पाड्यातल्या बायांनी आधी कोंबड्या झाकल्या. पण हा साहेब वेगळा निघाला. त्याने अंगणात बसून दोन तांबे पाणी प्यायले आणि आमच्याकडे झाडांची चौकशी केली.

त्याचे म्हणणे असे, की डोंगरातले गवत लवकर सरते आणि पुढे पाऊस पडेपर्यंत गुरांना झाडपाल्याचा आधार लागतो. तर कोणत्या झाडाला वर्षाकाठी किती पाला निघतो आणि तो किती गुरांना पुरेल, याचा अंदाज सरकारला बांधायचा आहे. (आम्ही त्याचे नाव पालासाहेब ठेवले. माणूस तरणा, देशावरचा, बोलायला गोड. आईने त्याला पहिल्याच दिवशी विचारले की तुझी आई कुठे असते.) आज अंदाज म्हणजे उद्या पट्टी, एवढे आम्हाला कळते. मंगळूकाका पाड्यात सगळ्यांत वडील, त्याने सर्वांच्या वतीने सांगून टाकले की आमच्याकडे झाडे अशी नाहीतच. हे त्याने आंब्याला पाठ टेकून सांगितले.

पट्टी नाही, कर नाही, असे पालासाहेबाने शपथेवर सांगितले तरी कोणी तोंड उघडेना. शेवटी कंटाळून तो सहज बोलून गेला, की पलीकडच्या पाड्यावर एका आसाण्याला आठ भारे पाला निघाला, तेवढा इथे कुठला निघायचा. पुंजा, त्या माणसाने जाणूनबुजून म्हटले की कसे ते मला अजून ठरवता आलेले नाही. पण मंगळूकाका आंब्यापासून सुटा झाला. ‘आठ? तेवढा तं आमच्या शेळ्या उष्टा टाकतात, सायेब,’ तो म्हणाला, आणि तिथून पुढे आपला पाडा कोणाला आवरला नाही. जो तो आपले झाड दाखवायला पुढे. ज्यांची झाडे नव्हती त्यांनी दुसऱ्यांची दाखवली. मीही मागे राहिलो नाही, ते तुला सांगायला नकोच.

साहेबाने सगळीकडे नजर फिरवली आणि बोट दाखवले ते आपल्या बांधावरच्या आसाण्याकडे. तुझ्या आसाण्याकडे. बरोबरच आहे, सगळ्या शिवारात तेवढे भरगच्च झाड दुसरे नाही. आणि पुढे आलेला सगळा पाडा दोन पावले मागे सरला.

का मागे सरला ते तुला ठाऊक आहे, पण हे पत्र रामीला वाचून दाखवशील आणि तिच्या माहेरी अशी रीत नाही, म्हणून खुलासा करतो. आपल्याकडे मूल जन्मले की बांधावरचे एक झाड त्याच्या नावाचे होते. दर वर्षी पिके निघाली की त्या झाडाला पहिला घाव ज्याचे झाड त्याने घालायचा. त्याने कोयता घातला की पाड्यातल्या प्रत्येक घराने त्यातला मूठभर टहाळ आपल्या गुरांसाठी शकुनाचा म्हणून न्यायचा, आणि मग राहिलेला पाला ज्याच्या त्याच्या माळ्यावर चढायचा. तोवर दुसऱ्याचा कोयता त्या झाडाला लागत नाही, झाड कितीही माजो. (तुझी वहिनी लग्न होऊन इतकी वर्षे झाली तरी पहिल्या घावाला माहेरी जाऊन येते, दोन घाट चढून. हे मी तुला टोचायला लिहिलेले नाही, रामीच्या माहितीसाठी लिहिले आहे.) तू ठाण्याला गेल्यापासून तुझ्या आसाण्याला घाव पडला नव्हता. म्हणून तो तसा झाला होता.

आता साहेबाला नाही कोण म्हणणार, आणि हो तरी कोण म्हणणार. सगळे आईकडे बघू लागले. आई झाडाखालीच बसली होती, शेळ्यांना हाकलत. तिने थोडा विचार केला आणि साहेबाला विचारले, की तू सरकारचा का. तो हो म्हणाला. मग आईने जो निवाडा केला तसा राजाच्या दरबारातही झाला नसेल. ती म्हणाली, माझा पुंजाही सरकारचा आहे, तेव्हा सरकारचा हात तो पुंजाचाच हात. तू घाल पहिला घाव. पण एका बाजूचाच. अर्धे झाड सरकारने घ्यावे, अर्धे माझ्या पुंजाला राहील. साहेब म्हणाला चालेल, अर्ध्याचे दुप्पट करू. तिने त्याच्या कपाळाला हळद लावली, हातात कोयता दिला, आणि एवढ्या शिकलेल्या माणसाने टोपडे काढून निमूटपणे घाव घातला. कोयता फांदीत अडकून बसला आणि तो मला काढावा लागला, पण घाव त्याचाच धरला गेला.

पुढचे काम कोंडीने केले. टहाळ खाली पडू लागला तशी तिने वाखाची दोरी पसरली, त्यावर पाला रचला, गुडघा देऊन आवळला, आणि आणखी रचला. साहेब बघत आहे म्हटल्यावर तिने नेहमीपेक्षा थोडा जास्त बांधला असेल, मी नाही म्हणत नाही; घरचा मान होता. मग चुंबळ ठेवून एकटीने तो डोक्यावर घेतला आणि साहेबापुढे आणून उभी राहिली. भाऱ्याखाली नुसते पाय दिसत होते. तुकाने फांदीला तो घड्याळासारख्या तोंडाचा टांगता काटा अडकवला होता, त्याला भारा लावला. काट्यावर जितके आकडे होते तितके संपले, आत काहीतरी कट्ट वाजले, आणि हाताने ढकलली तरी त्याची सुई परत वर येईना. साहेबाने शेवटचा आकडा होता तोच लिहून घेतला. माझ्या मते इथे कोंडीवर थोडा अन्याय झाला, कारण भारा त्या आकड्याच्या पुढचा होता. पण मी वाद घातला नाही, माणूस पाहुणा होता.

काटा असा कामी आल्यावर साहेब म्हणाला हरकत नाही, एका भाऱ्याचे वजन मिळाले, आता भारे मोजले की झाले. आणि तोवर खोडाचा घेर मोजावा म्हणून त्याने फीत काढून आसाण्याला मिठी मारली. आसाण्याच्या खोडाला काटे असतात, हे त्याच्या पुस्तकात असणारच, पण पुस्तकातले काटे छातीत जात नाहीत. त्याला धरून घरी आणला. मग आई सुई घेऊन बसली आणि तिने त्याचा एकेक काटा काढला. काढताना ती त्याला तुला रागवायची तशीच रागवत होती, आणि मध्ये एकदा पुंजा असे म्हणून गेली. साहेबाने हो म्हणून ओ दिली. मी दारात होतो, मी ऐकले.

त्यामुळे झाले असे, की पुढचे भारे मोजायला झाडापाशी एकटा तुका शिपाई राहिला. आणि पहिला घाव पडल्याचे कळताच सगळा पाडा आपापल्या शकुनाच्या वाट्यासाठी धावला. तुझ्या आसाण्याचा वाटा घरोघरी किती दिवसांनी जात होता, कोणी मागे राहिले नाही. नवशीआजी आली, तिने चार काड्या दोरीने बांधून डोक्यावर घेतल्या. तिच्या सुनेने स्वतःचा वेगळा नेला. शेजारच्या जिवाच्या पोरीने शेळीपुरता नेला. मंगळूकाकाने तर दोन टहाळ्या हातातच धरल्या होत्या, पण मोजणी सरकारी आहे म्हटल्यावर त्या खांद्यावर घेतल्या. तुका इमानी माणूस, जो कोणी पाला घेऊन पुढून गेला त्याची टाचेने जमिनीवर एकेक रेघ ओढत गेला. राहिलेला आपला पाला कोंडीने दोन खेपांत घरी आणला, त्या दोन रेघा निराळ्या. मग साहेबाने पट्ट्या बांधलेल्या छातीने रेघा मोजल्या, त्यांना कोंडीच्या भाऱ्याच्या वजनाने गुणले, मग दुप्पट केले, आणि मग पाड्यातली सगळी झाडे मोजून त्यांनी गुणले. म्हणजे मंगळूकाकाच्या दोन टहाळ्या कोंडीच्या भाऱ्याबरोबरीच्या झाल्या, आणि आपल्या शिवारातले रोडके झाडही तुझ्या आसाण्यासारखे झाले. जो आकडा निघाला तो साहेबाने मोठ्याने वाचला तेव्हा आम्हाला काहीच कळले नाही. पण पलीकडच्या पाड्याच्या पुढे का, एवढे मंगळूकाकाने विचारले. साहेब म्हणाला, फार पुढे. त्या संध्याकाळी पाड्यात तारपा वाजला.

या हिशेबात काही गडबड आहे हे कोणाच्या ध्यानात आले नसेल असे समजू नकोस. कोंडी त्याच वेळी म्हणाली होती, ‘नवशीआजीचा भारा नि माझा भारा एकच कसा?’ पण आम्ही सर्वांनी मिळून तिला सांगितले की सरकारी गणित आहे, बाईमाणसाने त्यात पडू नये. आणि खरे सांगायचे तर पहिला नंबर आलेला कोणाला नको असतो.

मग मोखाड्याच्या बाजारच्या दिवशी आम्हाला बोलावणे आले. मांडव घातला होता, एक मोठे साहेब आले होते. पालासाहेबाने आपल्या पाड्याचे नाव घेतले आणि माझ्या गळ्यात हार पडला. कोंडीला नारळ दिला, तो तिने तिथल्या तिथे ओट्यावर आपटून फोडला आणि वाटला, लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. पोशेऱ्याचे लोक होते, शिरपामाळाकडचे होते, पलीकडच्या पाड्याचे तर पुढेच बसले होते, आणि त्यांची तोंडे मी एकेक करून पाहून घेतली. मग मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी चौथी पास माणूस, पण देवाने वाचा दिली आहे. मी म्हणालो, आमच्या पाड्याला झाडपाल्याची कधी कमतरता पडली नाही आणि पडणारही नाही. आमच्या गुरांना आम्ही समर्थ आहोत. आम्हाला कोणाकडे काही मागावे लागत नाही. टाळ्या फार वाजल्या. मोठ्या साहेबांनीही वाजवल्या आणि उठून सांगितले, की असा स्वावलंबी पाडा पाहून आनंद झाला, तेव्हा या पाड्याला आता उतारावरच्या कुरणाची गरज उरलेली नाही. ते कुरण सरकार राखील आणि त्यातले गवत कापून मुंबईच्या तबेल्यांना जाईल. मी आभार मानायला उभा होतो म्हणून आभार मानले.

हार गळ्यात घालून मी पाड्यापर्यंत चालत आलो, पण वाटेत कोणी माझ्याशी बोलले नाही. तू कुरण ओळखतोस. लहानपणी तिथेच गुरे वळलीस. पाला म्हणजे गुरांची भाजी, गवत म्हणजे भाकरी; नुसत्या भाजीवर कोण जगते? माळ्यावरचा पाला होळीपर्यंत पुरतो, पुढे पाऊस येईतो सगळ्या पाड्याची गुरे त्या उतारावरच असतात. ते गेले तर काहीजणांना बैल विकावे लागतील, आणि बैल गेले की नागलीच्या वेळी नांगराला काय जुंपायचे? कपिलीच्या कालवडीला मी रोज बघतो आणि रोज मला ते भाषण आठवते. सगळे भाषण नाही, ‘आम्ही समर्थ आहोत’ एवढेच.

म्हणून मी एकटा पुन्हा मोखाड्याला गेलो आणि पालासाहेबाला भेटलो. त्याने मला खुर्ची दिली (तुला माहीत असावे, म्हणून लिहितो). मी म्हणालो आकडा जरा चढा आला आहे. त्याने विचारले, भारा खोटा होता का. आता कोंडीचा भारा खोटा होता असे मी कसे सांगणार? मेलो तरी सांगणार नाही, कारण तो खरा होता. मग त्याने विचारले, बरे, झाड वेगळे होते का, इतका पाला त्याच झाडाला कसा. कचेरीत दहा माणसे होती, पलीकडच्या पाड्याचा एक जण दाराशी होता. त्या सर्वांपुढे मी काय सांगायचे होते, की ज्याचे झाड तो येत नाही म्हणून? मी मान वर करून सांगितले, की ते झाड माझ्या धाकट्या भावाचे आहे आणि तो ठाण्याला सरकारी नोकरीत आहे. ते ऐकून साहेबाचा चेहरा उजळला. माणूस भला आहे, त्याने पुन्हा मोजणी करायचे कबूल केले. तेव्हा सर्व काही मार्गी लागले आहे, तू काळजी करू नये.

रामीला आशीर्वाद. थंडीत जपावे. कचेरीतल्या साहेबांना आमचा नमस्कार सांगावा, आणि त्यांच्या वरच्या साहेबांनाही, म्हणजे कोणी राहिले असे नको.

तुझा थोरला भाऊ,
बुधा

ता. क. — मोजणीविषयी एक बारीक गोष्ट वर लिहायची राहिली. साहेब माघ लागताच येतो आहे, कारण त्यानंतर आसाण्याची पाने गळू लागतात. मोजणी त्याच झाडाची, राहिलेल्या अर्ध्या बाजूची. नवा काटा आणणार आहे. आणि त्याची अट अशी, की या वेळी ज्याचे झाड त्यानेच घाव घालावा, त्यानेच भारा बांधावा आणि त्यानेच तो उचलून काट्यापाशी आणावा; सरकारी माणूस आहे म्हणजे त्याच्या भाऱ्यावर विश्वास ठेवता येईल, असे त्याचे शब्द आहेत. तेव्हा तुला यावे लागेल.

ता. क. दुसरा — हे पाड्यात सांगितले तेव्हा सर्वांना अतोनात आनंद झाला. मंगळूकाका म्हणाला, की देवानेच पुंजाला इतकी वर्षे खुर्चीवर बसवून ठेवला. तुझ्या हातांनी किती भारा उचलला जाईल याचा अंदाज आम्ही पाड्यातल्या पाड्यात बांधला आहे आणि तो फार समाधानकारक आहे. नवशीआजीपेक्षा थोडा जास्त, तिच्या सुनेपेक्षा कमी. रेघांना तेवढ्याने गुणले की आपला पाडा शेवटचा येतो आणि कुरण राहते. यात लबाडी काही नाही, तुला झेपेल तेवढेच उचलायचे. फक्त येण्याआधी उगाच व्यायाम वगैरे करू नकोस, लेखणीशिवाय काही उचलू नकोस, आणि रामीला सांग की पाणी तिनेच भरावे. मला तुझा अभिमान होताच, पण सगळ्या पाड्याला तुझा इतका अभिमान मी प्रथमच पाहतो आहे.

ता. क. तिसरा — पत्र आईला वाचून दाखवले आणि घोटाळा झाला. दुसरा ताजा कलम ऐकून ती उठून उभी राहिली, गुडघा असून. ‘माझा पोऱ्या नवशीच्या सुनेपरीस कमी उचलल, असा कोन म्हनला?’ तिने विचारले. मी म्हणालो मंगळूकाका म्हणाला. ती त्याच पावली त्याच्याकडे गेली. आता ती घरोघर सांगत फिरते आहे की पुंजा कोंडीएवढा भारा उचलील, वर एक टहाळी जास्त. कुरणाचे काय, असे तिला विचारले तर म्हणते कुरण कुरणाच्या जागी, पोऱ्या पोऱ्याच्या जागी. पाडा हवालदिल झाला आहे. मोजणीच्या दिवशी ती झाडाखाली बसणार आणि तुझ्याकडे बघणार हे धरून चाल. तिच्या डोळ्यांदेखत कमी उचलायचे, एवढे कठीण काम सरकारने तुला आजवर दिले नसेल. आणि मी तुझा थोरला भाऊ आहे, तू काय करशील हे मला आत्ताच दिसते. तू जास्तच उचलणार. मान लचकवून घेशील, पण उचलशील. कोंडी म्हणते येऊ दे भावजींना, उचलले नाही गेले तर मी भारा आणि भावजी दोन्ही आणीन.

ता. क. शेवटचा — हा आईला वाचून दाखवलेला नाही. कुरणाचे काय व्हायचे ते होईल, मी पुन्हा मोखाड्याला जाईन, त्याच मांडवात उभा राहून सांगेन की आम्ही समर्थ नाही. तेवढे मला करता येईल. पण ती रोज सकाळी जाऊन त्या राहिलेल्या अर्ध्या झाडाखाली बसते. पाने पिवळी पडायला लागली आहेत. काल जेवायला बोलवायला गेलो तर वर बघत मला म्हणाली, ‘अर्धा सरकारचा व्हता, तो सरकार घेऊन गेला. माझा अर्धा कई येल?’

या पत्राला पत्राने उत्तर देऊ नकोस.